कमी पळालेली गाडी खर्चात का पाडते?

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हटकून असतं : ‘सिंगल ओनर, कमी रनिंग, कव्हर घालून ठेवलेली.’ रोजच्या हॅचबॅकच्या बाबतीत ते बरंचसं खरंही असतं. पण पंधरा वर्षांत जेमतेम तीस-पस्तीस हजार किलोमीटर पळालेली, एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात जाऊन येणारी पेट्रोल स्पोर्ट्स कार गॅरेजला गेली, की मेकॅनिक भलीमोठी यादी हातात ठेवतो. कूलंटची टाकी तडकली आहे, इंजिन माउंट बसलेत, टायर कडक झालेत, ब्रेक ऑइल बदलायला हवं, छताचं रबर गेलंय. मालक चक्रावतो. गाडी चाललीच नाही, मग झिजली कशी? आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : एवढा खर्च करत बसण्यापेक्षा ती विकून नवी घ्यावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही. उदाहरणासाठी आपण पोर्शे बॉक्सटर घेऊ. १९९६ मध्ये बाजारात आलेली ही दोन सीटची, छत उघडणारी गाडी. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, सगळे आडवे. तिची दुसरी पिढी २००४ च्या अखेरीस आली आणि २०१२ पर्यंत चालली. आपल्याकडे २००९-१० च्या सुमारास नोंदवलेल्या अशा गाड्यांची पंधरा वर्षं नुकतीच भरली आहेत. म्हणजे आरसीचं नूतनीकरण दारात उभं आहे, आणि ठेवायची की विकायची हे ठरवण्याची वेळही हीच आहे.

वय तीन प्रकारचं

गाडीचे काही भाग किलोमीटरनं झिजतात : क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायरची नक्षी, गिअरचे दाते. काही भाग कॅलेंडरनं म्हातारे होतात : रबराचे होज, सील, बुश, प्लास्टिकच्या टाक्या, ब्रेक ऑइल. आणि काही भाग उभं राहिल्यानं बिघडतात : बॅटरी, टाकीतलं पेट्रोल, सायलेन्सर, इंजिनातलं ऑइल.

ओडोमीटर यातला फक्त पहिला आकडा दाखवतो. टॅक्सीच्या बाबतीत तेवढा पुरतो, कारण ती कॅलेंडरला गाठू देत नाही. भाग जुने होण्याआधी झिजतात आणि बदलले जातात. स्पोर्ट्स कारचं उलटं आहे. ती झिजत नाही म्हणून तिचे भाग बदललेही जात नाहीत, आणि पंधराव्या वर्षी ते सगळे एकदम थकतात. गॅरेजची यादी लांब असते ती यामुळे. त्यात गाडीचा दोष असतोच असं नाही. पंधरा वर्षांचा खर्च एकाच बिलात येऊन बसलेला असतो.

पाच मिनिटं चालू ठेवण्याचं नुकसान

गाडी बसून राहू नये म्हणून दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणारे मालक पुष्कळ आहेत. त्यानं फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो.

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण एक लिटर पाणी बनतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल चांगलं तापलं की ही वाफ उडून जाते. पाच मिनिटांत ते तापतच नाही. पाणी ऑइलमध्ये राहतं, त्यात न जळलेलं थोडं पेट्रोल मिसळतं, आम्ल तयार होतं आणि चिखलासारखा गाळ साचू लागतो. सायलेन्सरमध्येही वाफ थंड होऊन पाणी साठतं आणि तो आतून गंजतो.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं, असं आपण धरतो. तो काटा कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर काढणं खरं औषध. ते जमत नसेल तर इंजिनाला हातच न लावणं बरं.

बॅटरीचीही अशीच गोष्ट आहे. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर जागे असतात. हा चोरटा खर्च चाळीस मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास होतो. सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात निम्म्याहून खाली येते. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात आणि मग ती पूर्ण चार्ज होतच नाही. भिंतीला लावून ठेवायचा छोटा मेंटेनर चार्जर हा त्यावरचा स्वस्त उपाय.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षभर दमट असणाऱ्या कोकणपट्टीत तर जास्तच. डॉट-४ दर्जाचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणूनच हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चाललेली असो वा नसो.

टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून फसू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी हवी, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी टायर काढून टाकायचा. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावरची पकड जाते, आणि मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीत ती नेमकी वळणावर जाते.

कुकरच्या रिंगेचा धडा

कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही. कुकर तोच, गॅस तोच; पण वाफ कडेनं निसटते, दाब तयार होत नाही आणि डाळ शिजत नाही. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते. कूलंट बंद यंत्रणेत दाबाखाली असतो, म्हणून तो शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. टाकीचं झाकण म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह.

आता प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर पडली किंवा होजचं रबर कडक होऊन तोंडाशी झिरपू लागलं, की दाब धरला जात नाही. ट्रॅफिकमध्ये कूलंट अकाली उकळतो, वाफेचे बुडबुडे जिथे बसतात तिथलं ॲल्युमिनियम तापतं, आणि सिलिंडर हेड वाकतं. चार आकडी किमतीच्या भागानं सात आकडी बिल येतं ते असं.

बॉक्सटरमध्ये हे जास्त जपावं लागतं. इंजिन मध्ये असल्यामुळे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि कूलंट गाडीच्या लांबीभर ये-जा करतो. बंपरच्या जाळीतून आत गेलेली वाळकी पानं तिथे साचतात, पावसाळ्यात कुजतात आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या खातात. वर्षातून एकदा बंपर उतरवून कचरा काढणं हे काही तासांचं काम आहे. छताच्या कडेची पाणी वाहून नेणारी भोकंही तशीच तुंबतात. पहिल्या पिढीच्या बॉक्सटरमध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचा इलेक्ट्रॉनिक डबा सीटखाली आहे. छताचं पाणी आत उतरलं की गाडी चावी ओळखत नाही.

एका बेअरिंगची कथा

प्रत्येक मॉडेलचं एखादं माहीत असलेलं दुखणं असतं, आणि निर्णय घेण्याआधी ते ठाऊक असायला हवं. १९९६ ते २००८ या काळातल्या बॉक्सटरच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला दांडा आहे. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग असतं. काळानुसार सीलमधून इंजिन ऑइल आत शिरतं, मूळचं ग्रीस धुवून नेतं आणि बेअरिंग खडखडू लागतं. ते तुटलं तर चेनची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सगळ्याच गाड्यांत हे होत नाही, पण ज्यात होतं त्यात दुरुस्ती इंजिनाच्या किमतीची असते. अमेरिकेत यावरून सामूहिक खटला झाला आणि तडजोडही झाली. २००९ च्या मॉडेलपासून कंपनीनं तो दांडाच काढून टाकला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, दिसायला सारख्या दोन गाड्यांत एका वर्षाच्या फरकानं जोखीम बदलते. ‘बॉक्सटर चांगली की वाईट’ हा प्रश्न अर्धवट आहे. दोन, हे दुखणं आधी सुगावा देतं. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडली आणि त्यात चमकणारे लोखंडी कण दिसले, तर ते बेअरिंगचे असू शकतात. फिल्टर न पाहता फेकणारं गॅरेज एक फुकटची तपासणी वाया घालवतं.

ई-२० आणि जुनं इंजिन

देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं २० टक्क्यांचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं. २०१० मधली गाडी हे मिश्रण डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही. तिचं काय होतं?

पहिला परिणाम ताकदीचा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट सहा ते सात टक्के धरली आहे. वर्षाला तीन हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीला ती जाणवणारही नाही.

दुसरा परिणाम हवेच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे नऊ. म्हणून मिश्रण बदललं की इंजिनात थोडं जास्त इंधन सोडावं लागतं. एक्झॉस्टच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाचा संगणक त्याप्रमाणे इंधन वाढवतो. साध्या चालीत हे आपोआप होतं. मात्र ॲक्सिलरेटर तळाला दाबल्यावर जुनी यंत्रणा बरेचदा सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्यावर जाते, आणि तो तक्ता जुन्या पेट्रोलचा असतो. थकलेला सेन्सर आणि कचरा बसलेले इंजेक्टर असतील तर ही तूट वाढते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, त्यामुळे इंजिनाची ठोक मात्र कमी होते. तेवढा त्याचा फायदाही आहे.

तिसरा आणि सगळ्यात खरा परिणाम उभ्या गाडीवर. इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्महिने पडून राहिलेल्या टाकीत पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपुढे गेलं, की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या रबराच्या इंधन नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणजे ई-२० मुळे गाडी विकायची गरज नाही. नळ्या आणि सील बदलून घ्यायचे आणि टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ द्यायचं नाही.

बिलाची तुलना कशाशी करायची?

‘गाडीची किंमत वीस लाख आणि दुरुस्ती पाच लाख? सोडून द्या!’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकायला शहाणा वाटतो, पण तुलना चुकीच्या आकड्याशी आहे. दुरुस्तीचं बिल तपासायचं ते दुसरी गाडी घेतली तर पुढच्या पाच वर्षांत जे पैसे जातील, त्यांच्याशी.

नवी गाडी सुरुवातीला सर्वांत वेगानं किंमत गमावते. विम्यात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यातच हे दिसतं : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा. पंधरा वर्षांच्या गाडीची ही घसरण मागे पडलेली असते. तिची किंमत अजून उतरते, पण रांगत.

समजुतीसाठी काही आकडे धरून चालू. जुनी गाडी आज वीस लाखांना जाते आणि पाच वर्षांनी सोळाला जाईल : घट चार लाख. देखभाल वर्षाला दोन लाख : दहा लाख. विमा, आरसी आणि कर : अडीच लाख. एखाद्या मोठ्या दुरुस्तीची तरतूद : पाच लाख. पाच वर्षांचा खर्च साडेएकवीस लाख.

नवी गाडी ७८ लाखांची घेतली. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या वैयक्तिक पेट्रोल मोटारीला वाहन कर १३ टक्के, म्हणजे दहा लाख. तो विकताना परत मिळत नाही. नोंदणी आणि पहिला विमा धरून रस्त्यावर येईपर्यंत नव्वद लाख. पाच वर्षांनी निम्म्या किमतीला, ३९ लाखांना गेली तर घट ५१ लाख. देखभाल आणि पुढचे विमे आठ लाख धरले तर एकूण ५९ लाख. जुनी विकून आलेले वीस लाख वजा जाता अडकून पडलेल्या सत्तर लाखांवरचं व्याज यात अजून धरलेलंच नाही.

म्हणजे जुन्या गाडीचं अख्खं इंजिन पंधरा लाख खर्चून नव्यानं बांधलं, तरी ती नवीपेक्षा स्वस्त पडते. पण इथेच थांबलं तर आपण स्वतःला फसवतो, कारण आणखी दोन पर्याय आहेत. एक, पाच-सहा वर्षांची गाडी घेणं. तिची मोठी घसरण आधीच्या मालकानं सोसलेली असते. दोन, स्पोर्ट्स कार ठेवायचीच नाही. साडेएकवीस लाख ही स्वस्ताई नव्हे, पाच वर्षांच्या हौसेची किंमत आहे. ती देण्याची तयारी आहे का, हे आधी विचारावं. ‘नवीपेक्षा कमी’ हे कारण त्यानंतर येतं.

विम्यातली खाच

पाच वर्षांनंतर गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालकानं संमतीनं ठरवायची असते. हप्ता थोडा कमी येतो म्हणून अनेक जण ती उतरवून घेतात. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी संपली असं धरून ती रक्कम हातात देतात. आयडीव्ही बारा लाख असेल तर ही रेषा नऊ लाखांवर येते. आयात गाडीचे बंपर, हेडलाइट, दोन्ही रेडिएटर आणि एअरबॅग एका धडकेत गेले, तर नऊ लाख ओलांडणं अवघड नाही. गाडी जुनी झाली म्हणून तिच्या भागांची किंमत उतरत नाही. शिवाय रबर, प्लास्टिक आणि बॅटरीच्या दाव्यात ५० टक्के कापले जातात. गाडी ठेवायची ठरलं तर बाजारातल्या खऱ्या किमतीएवढी आयडीव्ही लिहून घ्यावी.

आरटीओची पायरी

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर तपासणीत पास झाल्यास दर वेळी पाच वर्षं वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी साध्या मोटारीला ५,००० रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणून आरसीवर गाडी ‘आयात’ म्हणून नोंदली आहे का, हे आधी पाहून ठेवावं.

दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, तशी सरसकट वयोमर्यादा महाराष्ट्रात नाही. त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या घेताना एनओसी, इथला कर आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळवूनच किंमत बघावी.

हवा कोण जास्त खराब करतं?

एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. नऊचं मायलेज आणि वर्षाला तीन हजार किलोमीटर धरले, तर जुन्या गाडीचे वर्षाला पावणेआठशे किलोच्या आसपास होतात. नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्या नावावर काही टन कार्बन डायऑक्साइड लागलेला असतो, आणि मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक मोटारीच्या नावावर आणखी जास्त. रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्यानं इलेक्ट्रिक घेतली तर हा बोजा फिटतो. रविवारच्या गाडीचा तो फिटायला फार वर्षं लागतील. विषारी धुराचा हिशेब मात्र वेगळा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनशे अंशांच्या आसपास तापल्यावरच नीट काम करतो. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या सर्वाधिक घाण करतात.

नवी गाडी काय देते, काय काढून घेते

२०१२ पर्यंतच्या बॉक्सटरमध्ये स्टिअरिंगला तेलाच्या दाबाची मदत आहे. पुढच्या चाकांनी खडीवर पकड सोडली, तर त्याची जाणीव स्टिअरिंगच्या रॅकमधून थेट हाताशी येते. त्यानंतरच्या पिढीत ही मदत इलेक्ट्रिक मोटर करते. पेट्रोल वाचतं, पार्किंग हलकं होतं. हातापर्यंत येणारा तपशील गाळून येतो. २०१६ मध्ये साध्या आवृत्त्यांतलं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन चार सिलिंडरचं टर्बो आलं, आणि २०२५ मध्ये पेट्रोलवरच्या या मालिकेचं उत्पादनच थांबलं.

त्याच वर्षी भारतात आलेली इलेक्ट्रिक एमजी सायबरस्टर शून्य ते शंभरचा वेग ३.२ सेकंदांत गाठते; किंमत ७५ लाखांच्या आसपास. सरळ रस्त्यावर जुनी बॉक्सटर तिच्यापुढे टिकणार नाही. पण सायबरस्टरचं वजन जवळपास दोन टन आहे, बॉक्सटरचं सुमारे तेराशे किलो. वळणावर हा फरक टायर आणि ब्रेक दोघांनाही सोसावा लागतो. वेग हवा असेल तर बदलण्यात अर्थ आहे. वळणांची मजा हवी असेल तर नव्वद लाखांतही तीच मिळेल याची खात्री नाही. आधी ट्रायल घ्यावी.

चौकट : ठरवण्याआधी गॅरेजमध्ये हे तपासून घ्या

• लीक-डाउन चाचणी : प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते मोजतात. सहापैकी एखाद्याचाच आकडा वेगळा आला तर सावध.
• स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा : सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का?
• कापलेला ऑइल फिल्टर : चमकणारे कण आहेत का?
• कूलंट यंत्रणेची दाब चाचणी, टाकी आणि होज.
• ब्रेक ऑइलमधलं पाणी, टायरवरची तारीख.
• गाडीचं पोट : मुंबई, कोकण, गोव्यात राहिलेल्या गाडीत वेल्डिंगच्या जोडांजवळचा गंज.
• कार्पेटखालची ओल आणि वायरिंग : पाण्यात बुडालेल्या गाडीचा गंज आधी कनेक्टरमध्ये दिसतो.
• कोणते भाग मिळत नाहीत याची यादी : किंमत नंतर, उपलब्धता आधी.

निर्णयाचा क्रम

या यादीतला शेवटचा मुद्दा सर्वांत आधी घ्यायचा. जुन्या गाड्या इंजिन गेल्यानं क्वचितच कायमच्या उभ्या राहतात. इंजिन बांधून मिळतं. त्या अडकतात एखाद्या इलेक्ट्रॉनिक डब्यासाठी, जो कंपनी आता बनवत नाही आणि भंगारातला आणला तरी चावीशी जुळत नाही. सुदैवानं बॉक्सटरसारख्या मोठ्या संख्येनं विकल्या गेलेल्या गाडीचे बहुतेक भाग मिळतात. पंप, सेन्सर, बेअरिंग बनवणाऱ्या मूळ पुरवठादाराच्या खोक्यात तोच भाग बरेचदा कमी पैशांत मिळतो. जेमतेम काहीशे बनलेल्या मॉडेलला ही सोय नसते.

गाडीच्या सांगाड्याला गंज असेल, वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल किंवा गरजेचा भाग मिळतच नसेल, तर विकावी. हिशेब मांडत बसू नये. या तिन्हींतून गाडी सुटली तर पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडावा. तो झेपत असेल तर रबर, द्रव, टायर आणि कूलंटचं काम एकाच वेळी उरकावं. तुकड्या-तुकड्यानं केलं की तीच मजुरी दोनदा जाते.

आणि सर्वांत शेवटी स्वतःला विचारावं : महिन्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास मी ही गाडी खरोखर चालवणार आहे का? उत्तर हो असेल तर ठेवावी. नाही असेल तर ती चालू आहे तोवरच, पुढच्या पावसाळ्याआधी विकावी. न चालवता जपून ठेवलेल्या गाडीचा विमा, कर आणि देखभाल चालूच राहते, भाग कॅलेंडरप्रमाणे थकतच राहतात, आणि ज्या मजेसाठी हा सगळा खर्च करायचा ती मात्र मिळत नाही. ठेवून चालवणं, विकणं आणि नुसतं ठेवणं, या तिन्हींत सर्वांत महाग पडतं ते हेच.